पासपोर्ट हॉटेलच्या ताब्यात होते तेव्हा

चेक-इन करताना रिसेप्शनवाल्याने आमच्या दोघांचे पासपोर्ट ठेवून घेतले. परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे करावी लागते, सकाळी परत मिळतील म्हणाला. बऱ्याच देशांत असंच चालतं, त्यामुळे वावगं वाटलं नाही. रात्री मागच्या ऑफिसात पाण्याचा पाइप फुटला. सफाईवाल्यांनी भिजलेला कागदांचा लगदा काळ्या पिशव्यांत भरून बाहेर टाकला. नवऱ्याचा पासपोर्ट त्यातच गेला. माझा एका रजिस्टरच्या पुठ्ठ्याला चिकटला होता म्हणून वाचला.

वाचला म्हणजे काय, तर फुगून दुप्पट जाड झाला होता. फोटोच्या पानाचं लॅमिनेशन सुटलेलं, व्हिसाच्या जागी निळसर ओघळ, आणि देशात शिरताना मारलेला शिक्का पार पुसलेला. नंबर तेवढा शाबूत होता, कारण आपल्या पासपोर्टच्या पानांवर तो बारीक छिद्रं पाडून उमटवलेला असतो. छिद्रांना पाणी काय करणार?

मॅनेजर भला माणूस होता. भाडं माफ करतो, दूतावासात गाडीने सोडतो, सगळं कबूल. फक्त लेखी द्यायची वेळ आली तेव्हा त्याने लेटरहेडवर लिहिलं, ‘पाहुण्यांचे पासपोर्ट मुक्कामात गहाळ झाले.’ मी सही करायला नकार दिला. म्हटलं, “गहाळ आमच्याकडून नाही झाले. नोंदणीसाठी तुम्ही कधी घेतले, कुठे ठेवले होते आणि काय झालं, ते लिहा.” तो म्हणाला, मालकांना विचारावं लागेल. विचारा म्हटलं, आणि तिथल्याच सोफ्यावर बसून राहिलो. नवरा कुजबुजला, “अगं, उगाच ताणू नकोस, पोलिसांकडे उशीर होईल.” पण ते एक वाक्य नीट लिहून घेतल्याशिवाय मी हलणार नव्हते. आपल्या हातून हरवला की विम्याची कंपनी निष्काळजीपणाचं कलम पुढे करते. शिवाय खोलीत राहिलेली वस्तू वेगळी आणि हॉटेलने मागून घेतलेली वेगळी. युरोपातल्या काही देशांनी मान्य केलेल्या १९६२च्या करारात हॉटेलच्या जबाबदारीला एरवी मर्यादा आहे, पण सांभाळायला दिलेल्या वस्तूंसाठी ती मर्यादा नाही. दुपारपर्यंत मला हवं तसं पत्र मिळालं, तारीख, वेळ, सही आणि शिक्क्यासकट.

पोलिसांकडे नवऱ्याची ‘हरवल्याची’ तक्रार झाली, तीही पत्र जोडून. पुढे दूतावासात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. माझा लगदा त्यांनी जमा करून घेतला, कारण पासपोर्ट आपल्या नावावर असला तरी १९६७च्या कायद्याप्रमाणे मालकी केंद्र सरकारची. नवऱ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, म्हणून त्याची जास्त चौकशी. ईमेलमध्ये दोघांच्या पासपोर्टची स्कॅन कॉपी होती, ती फार उपयोगी पडली.

नवा पासपोर्ट मिळेपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं, म्हणून इमर्जन्सी सर्टिफिकेट घेतलं. ते एकदाच आणि फक्त भारतात परतण्यासाठी चालतं. आमचं परतीचं तिकीट तिसऱ्या देशात विमान बदलायचं होतं. तिथे हे कागद चालतील का, याचं उत्तर विमान कंपनीकडून धड मिळेना, तेव्हा थेट विमानाचं तिकीट काढलं. व्हिसा आणि शिक्का दोन्ही गेल्यामुळे तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून देश सोडण्याची परवानगी काढावी लागली ती वेगळीच.

निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलातून आनंदाने फोन आला, “साहेबांचा पासपोर्ट सापडला!” एका पिशवीत तळाशी होता, बऱ्यापैकी धड. पण हरवल्याची तक्रार झाली की तो नंबर रद्द होतो, आणि हरवलेल्या-चोरीच्या पासपोर्टांच्या इंटरपोलच्या यादीतही जाऊ शकतो. तसला पासपोर्ट विमानतळावर दाखवणं म्हणजे स्वतःहून बाजूच्या खोलीत जाऊन बसणं. नवऱ्याला मोह झालाच होता. शेवटी तोही दूतावासात देऊन आलो.

इथे उतरल्यावर इमिग्रेशनवर सर्टिफिकेट काढून घेतलं. त्याचे फोटो आधीच काढून ठेवले होते, ते नव्या पासपोर्टच्या अर्जाला लागले. विम्याने कागदपत्रांचा खर्च दिला. तिकिटातला फरक हॉटेलने बरीच पत्रापत्री झाल्यावर भरला, आणि त्या पत्रापत्रीत दर वेळी मी त्यांच्याच लेटरहेडवरचं ते वाक्य उतरवून पाठवत होते. नवऱ्याच्या जुन्या पासपोर्टवरच्या दुसऱ्या एका देशाच्या व्हिसाची फी मात्र बुडाली.

मध्यंतरी अमेरिकेच्या व्हिसाचा अर्ज भरला. त्यात ‘तुमचा पासपोर्ट कधी हरवला किंवा चोरीला गेला होता का’ असा प्रश्न असतो. नवऱ्याला ‘हो’ लिहून खुलासा द्यावा लागला. माझा नुसता भिजला होता, मी ‘नाही’ लिहिलं.