माडीचे अपूर्णांक

आमच्या वेळी नववीच्या दोन तुकड्या होत्या आणि बीजगणिताचे सरही दोन. अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागायचं असेल तर 'अ' तुकडीचे सर खालचा अपूर्णांक उलटा करून गुणायला शिकवायचे, आमच्या 'ब' तुकडीचे सर वर-खाली दोन्हीकडे लसाविनं, म्हणजे छेदांच्या लघुतम साधारण विभाज्यानं, गुणायला. यावरून मधल्या सुट्टीत भांडणं व्हायची. कबड्डीत 'अ'कडून हरलो तर चालायचं, पण त्यांच्या रीतीनं एखादं गणित आमच्याआधी सुटलेलं खपायचं नाही. साठी ओलांडलेली मंडळी अजून आपापला तट धरून आहेत, म्हणून शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेत मी स्नेहसंमेलन आणि सहली सोडून याच विषयावर लिहायचं ठरवलं.

ज्याच्या अंशात आणि छेदात पुन्हा अपूर्णांकच बसलेले असतात, त्याला आम्ही 'माडीचा अपूर्णांक' म्हणायचो. पुस्तकात त्यावर फक्त 'सरळरूप द्या' अशी आज्ञा असायची. आमच्या सरांचं शिकवणं मात्र फळ्यावरच्या रेघेपासून सुरू व्हायचं. मुख्य रेघ लांब आणि पट्टीनं ओढलेली, बाकीच्या तिच्याहून आखूड, आणि बरोबरचं चिन्ह मोठ्या रेघेच्या अगदी समोर. आम्हाला ती टापटिपीची हौस वाटायची. मग एकदा त्यांनी १२, ६ आणि २ एकाखाली एक लिहिले, मध्ये दोन सारख्याच रेघा मारल्या आणि किंमत विचारली. कुणी १ म्हणालं, कुणी ४. वरची रेघ मुख्य धरली तर खाली ६ छेद २ म्हणजे ३, म्हणून उत्तर ४. खालची मुख्य धरली तर वर १२ छेद ६ म्हणजे २, म्हणून उत्तर १. सरांनी काहीही न बोलता एक रेघ लांब केली आणि पुढच्या गणिताला लागले.

आता त्या दोन रीती. वर 'एक छेद क्ष वजा एक छेद य', खाली 'एक छेद क्ष वर्ग वजा एक छेद य वर्ग'. 'अ'वाले आधी वरचं एकत्र करणार, मग खालचं, मग खालचं उलटं करून गुणणार. आम्ही सगळ्या छोट्या छेदांचा लसावि काढायचो, क्ष वर्ग य वर्ग, आणि त्यानं वरही गुणायचो, खालीही. छोट्या रेघा एका फटक्यात गायब. वर क्षय(य − क्ष), इथे क्षय म्हणजे क्ष गुणिले य, आणि खाली (य − क्ष)(य + क्ष). काटाकाट केली की उरतं क्षय छेद (क्ष + य). सरांना मागून 'लसावि' म्हणायचे ते यामुळेच, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

काटाकाटीचा त्यांचा दंडक एकच होता: अवयव पाडल्याशिवाय पेन्सिल तिरकी करायची नाही. वर्गातल्या एका हुशार गड्यानं (क्ष + ३) छेद (क्ष + ५) मधले दोन्ही क्ष खोडून ३ छेद ५ करून टाकले होते. सर म्हणाले, "क्षला एक कर." त्यानं केला, ४ छेद ६, म्हणजे २ छेद ३ आले. संपला विषय. गुणलेलं असेल तेच काटता येतं, मिळवलेलं नाही, हे भाषण देऊन सांगावं लागलंच नाही. किंमत घालून ताळा पाहायची सवय मला तिथून लागली, आणि खरं सांगायचं तर मला ती दोन्ही रीतींपेक्षा मोलाची वाटते.

सर सायकलवरून यायचे आणि त्यांच्या गणितांतही सायकल असायची. 'साताऱ्याच्या समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट ताशी ८ किलोमीटरनं चढलो, त्याच वाटेनं ताशी २४ नं उतरलो. सरासरी वेग किती?' वर्गातून एकसुरात उत्तर आलं, सोळा! मग कुणीतरी म्हणालं, सर, अंतर दिलेलंच नाही. "नाहीच देणार," सर म्हणाले. एका बाजूचं अंतर ड धरलं तर एकूण अंतर २ड, एकूण वेळ 'ड छेद ८ अधिक ड छेद २४'. झाला माडीचा अपूर्णांक. खाली प्रत्येक पदात ड आहे, वरही आहे, म्हणजे तो अवयव म्हणून बाहेर येतो आणि कटतो. उरतं २ वर, खाली १ छेद ८ अधिक १ छेद २४, म्हणजे १ छेद ६. उत्तर १२. चढायला तिप्पट वेळ जातो, त्यामुळे सरासरी चढाच्या वेगाकडे झुकते. हे घाटात धापा टाकणाऱ्याला कळतंच, पण आकड्यांनी ते कबूल केलेलं मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. पुढे कराडला पदविका करताना समांतर जोडलेल्या विद्युत रोधांचं सूत्र फळ्यावर आलं, तर तोच साचा: मोठ्या रेघेवर १, खाली एकेका रोधाच्या व्यस्तांची, म्हणजे 'एक छेद रोध' यांची, बेरीज.

उत्तर आलं तरी आमच्या वहीत गणित संपायचं नाही. कुठलाही छेद शून्य होऊ नये म्हणून उजव्या समासात अटी लिहायच्या: क्ष शून्य नको, य शून्य नको, क्ष आणि य सारखे नकोत, विरुद्ध चिन्हाचे सारखेही नकोत. क्षय छेद (क्ष + य) या उत्तराकडे पाहिलं तर यातली शेवटची अटच दिसते, बाकीच्या काटाकाटीत बुजून जातात. क्ष आणि य दोन्ही २ घेतले तर उत्तर १ देतं; मूळ गणितात मात्र वरही शून्य, खालीही शून्य. 'अ' तुकडीत या अटींना गुण नव्हते. आमच्याकडे त्या नसल्या तर सर गुण कापायचे, आणि तेव्हा आम्हाला तो अन्याय वाटायचा.

याच तासाला ते भास्कराचार्यांवर यायचे. इसवी सन ११५० च्या 'लीलावती'त अपूर्णांकाच्या भागाकाराचा नियम आहे: भाजकाचे छेद आणि लव, म्हणजे अंश, यांची अदलाबदल करा आणि गुणा. म्हणजे 'अ' तुकडीची बाजू खुद्द भास्कराचार्यांनी घेतलेली! सर हे दिलखुलास मान्य करायचे. पण त्याच ग्रंथातलं दुसरं गणितही सांगायचे: एका संख्येला शून्यानं गुणा, आलेल्या गुणाकारात त्याचाच निम्मा मिळवा, तिप्पट करा, शून्यानं भागा, ६३ येतात, संख्या कोणती? भास्कराचार्य दोन्हीकडचं शून्य काटतात आणि उत्तर १४ देतात. "त्यांना चालत होतं, बोर्डाला चालत नाही," सर म्हणायचे. शून्याच्या जागी शून्याकडे सरकणारी संख्या घेतली की १४ बिनचूक येतात, हे मला कॉलेजात सीमा शिकताना उमगलं.

तटाचं म्हणाल तर आज माझा निवाडा असा: आतले छेद साधे असतील तर आमची रीत झटपट, वर एक, खाली एक असे दोनच अपूर्णांक असतील तर 'अ'ची. आणि माडीवर माडी चढली तर दोन्हींचा हट्ट सोडून सगळ्यात खालून एकेक जिना चढायचा. शेवटच्या तासाला सरांनी तसंच एक घातलं होतं: १ अधिक १ छेद (१ अधिक १ छेद (१ अधिक १ छेद क्ष)). उत्तर (३क्ष + २) छेद (२क्ष + १). अटी तीन आहेत. मेळाव्याला येताना दोन्ही तुकड्यांनी त्या समासात लिहून आणाव्यात. पहिल्या रांगेतली खुर्ची अटी बघून मिळेल.