तुम्ही विचारलंत म्हणून: गोवा सोडून मुंबईच का?

फायनल इयरच्या परीक्षा संपल्या आणि आमचा अख्खा कॉलेजचा ग्रुप गोव्याला गेला, मी मात्र शाळेतल्या मैत्रिणीबरोबर मुंबईतच फिरत राहिले, त्यामुळे मावशीपासून ज्युनियर्सपर्यंत सगळे अजूनही विचारतात की अगं, जन्मापासून मुलुंडला राहता तुम्ही दोघी, मुंबईत बघायचं राहिलं काय होतं? म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

पहिलं कारण म्हणजे पास. माझा लोकलचा कन्सेशनचा पास मुलुंड ते सीएसएमटी, आणि शेवटचा क्वार्टरली अजून शिल्लक होता. त्या पासावर मधल्या कुठल्याही स्टेशनला उतरता येतं, पण कॉलेजच्या घाईत भायखळ्याला किंवा मशीदला उतरतंय कोण! आणि दुसरं, खरं कारण म्हणजे ती. पहिलीपासून आम्ही एका बाकावर, मग ती माटुंग्याला मेकॅनिकलला गेली आणि मी फोर्टात, भेट व्हायची ती वाढदिवसाला नाहीतर ट्रेनमध्ये अचानक. तिला हैदराबादला जॉब लागला होता, जूनमध्ये जॉइनिंग. गोवा काय, नोकरी लागल्यावरही होतो, पण मधल्या वारी सकाळी दोघी एकदम मोकळ्या, घरी कधी येणार हे कोणी विचारत नाहीये, असे दिवस परत कुठून आणायचे?

भायखळ्याला उतरलो ते राणीच्या बागेसाठी. शाळेच्या सहलीला आलेलो तेव्हा प्राणी बघून, डबे खाऊन परत. शेजारच्या भाऊ दाजी लाड म्युझियमच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे तो आम्हाला कोणी दाखवलाच नव्हता. हा मूळचा घारापुरीचा, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, ते तुकडे मग इथे आले आणि १९१४ मध्ये जोडून त्याला परत उभा केला. मी फोटो काढून मोकळी झाले, पण बाईसाहेब हलेचनात. मेकॅनिकलवाली ना, सांधे कुठून कुठे गेलेत, वजन कुठल्या पायांवर जास्त येत असेल, हे मला बोटाने दाखवत होती, आणि मला एकदम सातवीतली ती आठवली, बाईंचं घड्याळ उघडून बघू का विचारणारी. कॉलेजमधल्या कोणाबरोबर आले असते तर हत्ती दिसला असता, पण हे दिसलं नसतं.

मग घारापुरीला जाणं आलंच. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून आम्ही मंगळवारी गेटवेवरून लाँच पकडली, साधारण तासभर लागतो, गर्दी अजिबात नव्हती. वरपर्यंत पायऱ्या, दोन्ही बाजूंना स्टॉल, माकडांपासून काकडी सांभाळायची. आत गेल्यावर बाहेरचं ऊन इतकं डोळ्यात असतं की आधी काहीच दिसत नाही, हळूहळू खांब दिसतात आणि मग समोर सदाशिव, म्हणजे तीन चेहऱ्यांचा शंकर, जवळजवळ वीस फूट उंच. आपल्या डाव्या हाताचा चेहरा उग्र, मिशीवाला, उजवीकडचा नाजूक, हातात कमळ, आणि मधला डोळे मिटून शांत. माझ्यासाठी अख्ख्या मुंबईत याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि इथली अर्धी जनता तिथे एकदाही गेलेली नसते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ओव्हल मैदानही केलं, एका बाजूला १८७८ चा राजाबाई टॉवर आणि हायकोर्ट, समोर आर्ट डेको शैलीतल्या बिल्डिंगा, २०१८ पासून दोन्ही मिळून युनेस्कोच्या यादीत. पण तिथे खरं तर आम्ही नुसत्या बसलो होतो. तिला घर सोडायची भीती वाटत होती, ती ते पहिल्यांदा तिथे बोलली, मी पण माझं बोलले, ते इथे लिहिणार नाही.

तर ज्युनियर्सनो, गोव्याला खुशाल जा, पण पास संपायच्या आत शाळेतल्या कोणाला तरी फोन करा आणि मधल्या वारी निघा. आमचं बाणगंगा तलाव बघायचं राहिलंय. ती दिवाळीला येतेय, तेव्हा आता सुट्टीच्या गर्दीत आणि पूर्ण तिकीट काढून का होईना, वाळकेश्वरला जायचं ठरलंय.