मधुमेह आहे, खाली माग आहेत: गृहकर्जाचा विमा नाकारला तर

कर्ज मंजूर झालेलं असतं, सह्या तेवढ्या राहिलेल्या असतात आणि बँकेतून निरोप येतो: "तुमच्या कर्जाचा विमा होत नाहीये." घाबरण्याआधी एवढंच विचारा, कुठला विमा? बँकेच्या टेबलावर दोन वेगळ्या पॉलिसी एकाच नावाने फिरतात. एक कर्जदाराच्या जिवाची, दुसरी बांधकामाची. दोन्ही नाकारण्याची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

आधी जिवाचा विमा. रिझर्व्ह बँकेने तो गृहकर्जासाठी सक्तीचा केलेला नाही. बँक स्वतःच्या जोखमीपोटी अडून बसली, तर ती अट लेखी मागा. बँकेची समूह पॉलिसी बहुतेकदा एकरकमी हप्त्याची असते आणि तो हप्ता कर्जातच मिसळतात. समजा 75 हजारांचा हप्ता साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांच्या कर्जात घातला, तर महिन्याला सुमारे 650 रुपये जातात आणि शेवटी त्याचे दीड लाखाहून जास्त होतात. म्हणजे ती पॉलिसी नाही मिळाली, तर दरवेळी नुकसानच झालं असं नाही.

पण नकार कशामुळे आला, हे कळायलाच हवं. विमा कंपनीचं पत्र मागा आणि त्यात "नाकारला" लिहिलंय की "पुढे ढकलला", ते नीट वाचा. वाढलेला एचबीए1सी, वजन, मूत्रपिंडाचे रिपोर्ट, तंबाखू किंवा मावा ही नेहमीची कारणं. एचबीए1सी साधारण तीन महिन्यांची साखर दाखवतो, त्यामुळे पथ्य आणि औषध सुरू करून आठवड्यात पुन्हा अर्ज करण्यात अर्थ नाही. तीन-चार महिने द्या आणि मग अर्ज करा. मध्ये चार कंपन्यांकडे नशीब आजमावू नका. प्रत्येक प्रस्तावात "आधी कुणी विमा नाकारला किंवा पुढे ढकलला का?" हा प्रश्न असतो आणि प्रत्येक नकार तिथे लिहावा लागतो. तो लपवायचा नाही. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पहिल्या तीन वर्षांत चुकीच्या माहितीवरून पॉलिसी रद्द होऊ शकते. मग हप्ते भरूनही घरच्यांच्या हाती नकाराचं पत्र येतं. एजंट "साखरेचं लिहू नका" म्हणाला, तर तिथूनच उठा.

तोवर जोखीम वाटून घ्या. पत्नी किंवा मुलगा कमावता असेल, तर सहकर्जदार करा आणि विमा त्यांच्या जिवावर घ्या. मात्र सहकर्जदार पूर्ण कर्जाला जबाबदार असतो, निम्म्याला नव्हे, हे सहीआधी घरात बोलून घ्या. जुनी एलआयसीची पॉलिसी असेल तर ती मोडू नका. तब्येत चांगली असताना घेतलेलं ते संरक्षण आता पुन्हा मिळणार नाही. पीएफ कापला जात असेल, तर नोकरीत असताना मृत्यू झाल्यास पीएफसोबतच्या ईडीएलआय विमा योजनेतून वारसाला 7 लाखांपर्यंत मिळू शकतात, त्याला वैद्यकीय तपासणी नाही. सोलापुरात विडी आणि टॉवेल कारखान्यांतल्या कित्येक कामगारांचा पीएफ आहे, पण नॉमिनीचं नाव जुनंच राहिलेलं असतं. ते आजच तपासा. 18 ते 50 वयाच्या बँक खातेदाराला प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेत वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचं संरक्षण मिळतं. नव्याने सामील झाल्यावर पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. 25 लाखांच्या कर्जापुढे 2 लाख तोकडेच, पण साडेआठ टक्के आणि 20 वर्षांच्या हिशेबाने साधारण नऊ महिन्यांचे हप्ते त्यातून निघतात, आणि घर सावरायला तेवढा वेळ फार मोलाचा असतो.

आता बांधकामाचा विमा. आपल्या शहराचा खरा प्रश्न इथे आहे. सोलापूरच्या पूर्व भागात खाली माग आणि वर कुटुंब अशी घरं गल्लोगल्ली आहेत. 2021 पासूनची "भारत गृह रक्षा" ही प्रमाणित पॉलिसी राहत्या घरासाठी आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दंगल सगळं त्यात येतं, पण खाली यंत्रमाग चालत असतील तर ते घर "राहतं" या व्याख्येत बसेलच असं नाही. बँकेने कर्ज देताना राहत्या घराची पॉलिसी काढली आणि नंतर खाली चार माग बसले, तर हप्ता भरलेला असूनही दावा अडकू शकतो. पॉलिसीच्या पहिल्या पानावर वापर काय लिहिलाय ते बघा.

अशा जागेला "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी बघावी. एका ठिकाणची एकूण मालमत्ता 5 कोटींपर्यंत असेल तर ती चालते. इमारत, माग, सुताचा साठा, तयार माल यांची रक्कम वेगवेगळी लिहा आणि वर कुटुंब राहतं हेही लिहा. मग पाहणी होईल. नकार बहुतेकदा तिथेच येतो: मंजूर वीजभारापेक्षा जास्त माग, उघड्या वायरी, जिन्याखाली सुताच्या गाठी, खिडक्यांना पक्क्या जाळ्या, बाहेर पडायला एकच दार. उडणाऱ्या सुताच्या तंतूंवर ठिणगी पडली की आग पसरायला वेळ लागत नाही. 18 मे 2025 ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले, त्यात तिथेच राहणारं मालकाचं कुटुंबही होतं. म्हणून वायरिंग, वेगळा मीटर, ईएलसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि दुसरा दरवाजा हा खर्च विम्यासाठी नव्हे, वर झोपणाऱ्या माणसांसाठी आधी करा. ते झाल्यावर फोटो आणि इलेक्ट्रिशियनचा दाखला जोडून पुन्हा पाहणी मागा.

रक्कम ठरवताना बाजारभाव धरू नका. जमीन जळत नाही. 800 चौरस फूट बांधकाम पुन्हा उभारायला 2,000 रुपये दर लागत असेल, तर 16 लाख पुरे. नुकसानभरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

विमा नसताना कर्जदार गेलाच, तर वारसांनी बँकेला लगेच लेखी कळवावं. वारसाची जबाबदारी मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, पण घर तारण आहे आणि हप्ता थांबत नाही. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरलं जातं, मग सरफेसी कायद्याची (याने बँक कोर्टात न जाता तारण जप्त करू शकते) 60 दिवसांची नोटीस येते. त्या मुदतीत लेखी हरकत घेतली, तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुद्दल आणि व्याजाच्या 20 टक्क्यांपेक्षा कमी बाकी असेल, तर या कायद्याने घर जप्त करता येत नाही. हप्ता झेपणारच नसेल, तर लिलावाआधी बँकेच्या संमतीने स्वतः गिऱ्हाईक शोधा. लिलावात भाव पडतो. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. कर्जदार हयात नसेल तर ते कागद वारसांना कसे द्यायचे, याची पद्धत प्रत्येक बँकेला ठरवून जाहीर करावी लागते. ती शाखेत मागून घ्या.