सरांची वर्गणी माफ झाली, पण त्या फॉर्मने दमवलं

आमच्या रेडिओ कंट्रोल विमानांच्या क्लबात शिकवणारे सर कुणाकडून एक पैसा घेत नाहीत. मला एकट्याने विमान उतरवता यायला लागलं, तेव्हा मनात आलं की निदान त्यांची पुढच्या वर्षाची वर्गणी तरी क्लबने माफ करावी. बाकीच्या शिकणाऱ्यांनी विचारताक्षणी सह्या दिल्या. घोडं अडलं ते समितीच्या फॉर्मवर.

त्यात एक रकाना होता: 'प्रशिक्षणाचे एकूण तास (नोंदवही जोडावी)'. सरांकडे नोंदवही नाही, आणि ती असणार तरी कशी? बडी बॉक्सवर, म्हणजे जोडलेल्या दोन ट्रान्समीटरवर (विमानाच्या रिमोटवर) शिकवताना एक आपल्या हातात, दुसरा त्यांच्या. त्यांनी ट्रेनर स्विच दाबून धरला की ताबा आपला, सोडला की त्यांचा. विमान आपल्याकडे तोंड करून यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवखा हमखास गोंधळतो. 'झुकलेल्या पंखाच्या बाजूला स्टिक!' असं ओरडत, तरीही ऐकलं नाही तर स्विच सोडून ते विमान वाचवतात. त्या माणसाने वहीत वेळ कधी लिहायची?

अर्ज 'अपूर्ण' शेरा मारून परत आला. सचिव म्हणाले, खजिनदारांना विचारा. खजिनदार म्हणाले, तासांशिवाय आम्ही काही करू शकत नाही. मग कुणीतरी सुचवलं, फक्त हवेतला वेळ धरा. याचा मला फार राग आला. आमच्यासारख्या शिकाऊ विमानाची बॅटरी आठ-दहा मिनिटांत उतरते. त्याआधी गुरुत्वमध्य तपासणं, सर्व्हो (पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) उलटे फिरत नाहीत ना ते बघणं, आणि पडल्यावर तुटलेलं नाक इपॉक्सीने जोडून देणं, हे सगळं शून्य धरायचं?

शेवटी आम्हीच पुरावा उभा केला. प्रत्येकाच्या फोनमध्ये सरावाचे व्हिडिओ होते आणि त्यांवर तारखा होत्या. त्यावरून प्रत्येकाने एकेक पान लिहिलं: कोणत्या दिवशी काय शिकवलं, जमिनीवर किती वेळ गेला, काय दुरुस्त करून दिलं. ती पानं जोडल्यावर अर्ज मंजूर झाला. मला त्या गठ्ठ्याचा अजून अभिमान वाटतो. आणि हो, तुम्ही असं काही करणार असाल तर सह्या गोळा करण्याआधी फॉर्म मागून घ्या.

अर्ज लांबला तरी आभार लांबवू नका. बॅटऱ्या चार्ज करून, रेंज चेक (रिमोटचा सिग्नल लांबवर पोचतो का ते बघणं) उरकूनच सरांसमोर उभे राहा. त्यांना निवांत उडवता यावं म्हणून आपल्या वाट्याचं एक पूर्ण उड्डाण त्यांच्यासाठी सोडा. तेवढा वेळ आकाशावर लक्ष ठेवायला तुम्ही शेजारी थांबा. शिकवण्याच्या नादात त्यांची स्वतःची विमानं पेटीतच राहतात, हे आम्हाला फार उशिरा दिसलं.

भेट म्हणून प्रोपेलर द्यायचा असेल तर त्यांच्या मोटरवर बसवलेल्या प्रोपेलरवरचा आकडा बघून घ्या. १०×६ म्हणजे व्यास १० इंच, पिच (एका फेऱ्यात तत्त्वतः पुढे सरकण्याचं अंतर) ६ इंच. मोठा बसवला तर मोटर आणि तिचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर तापतात.

आता चार्जिंगच्या टेबलावर मी एक तक्ता लावलाय. विमान उतरलं की शिकणाऱ्याने स्वतः वेळ लिहायची आणि सही करायची. सरांच्या हातात पेन द्यायचं नाही.