टायर नोंदवही, मे अखेर: आतल्या कडेने दगा दिला

ओडोमीटर ६०,९१०. मागची मोजणी मार्चात ५८,३०० वर झाली होती. गाडी तीच, २०१६ ची हॅचबॅक, टायर १६५/८० आर १४.

नक्षीची खोली, पुढचा डावा टायर, बाहेरची कड, मध्य, आतली कड या क्रमाने: मार्चात ४.२, ४.३, ३.९ मिमी. आता ३.८, ३.९, २.४. पुढचा उजवा ३.९, ३.९, २.९. मागचे दोन्ही सगळीकडे ५.३ च्या आसपास.

तो २.४ चा आकडा मी तीनदा मोजला. मध्ये ०.४ झीज आणि आत थेट दीड मिमी, तीही अडीच हजार किलोमीटरमध्ये! गाडी उभी असताना बाहेरून बघितलं तर टायर अगदी ठणठणीत. स्टिअरिंग पूर्ण वळवून, फरशीवर आडवं पडून गेज लावला तेव्हा कळलं. गेल्या वर्षापर्यंत मी फक्त मधल्या खाचेत मोजायचो, त्या हिशेबाने हा टायर अजून दोन पावसाळे गेला असता.

हवा कमी असती तर दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मध्य. फक्त आतली कड, आणि तीही दोन्ही पुढच्या चाकांची, म्हणजे संशय टो-आउटवर, चाकांची पुढची टोकं बाहेरच्या बाजूला वळल्यावर. नक्षीवरून हात आडवा फिरवला: एका दिशेने मऊ, उलट्या दिशेने करवतीसारखी धार. अलाइनमेंटवाल्याकडे गाडी लिफ्टवर चढवली, तर डाव्या टाय रॉड एंडला, म्हणजे स्टिअरिंग चाकाला जोडणाऱ्या सांध्याला, ढिलाई निघाली. एप्रिलमध्ये सिंहगड रोडवर एका खड्ड्यात डावं चाक सणकून आपटलं होतं. तेव्हा खाली उतरून रिम तेवढी बघितली आणि पुढे गेलो. तोच खड्डा असेल असं छातीठोक सांगत नाही, पण माझा राग त्याच्यावरच आहे.

टाय रॉड एंड बदलला, अलाइनमेंट केली. आता प्रश्न टायरचा. खाचेतली ती झीज दाखवणारी आडवी पट्टी, टीडब्ल्यूआय, १.६ मिमी उंचीची असते. नक्षी झिजून तिच्या बरोबरीला आली की टायर संपला. (पट्टी सापडत नसेल तर टायरच्या बगलेवरचा छोटा त्रिकोण शोधा, त्याच्या सरळ रेषेत ती असते.) टायरवाले काका म्हणाले, "साहेब, अजून पाच-सात हजार आरामात जाईल." कोरड्या रस्त्यावर कदाचित गेलाही असता. पण जून दारात आहे, आणि जुलैत ताम्हिणी ठरलंय. खाच उथळ झाली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, रबर पाण्यावर तरंगायला लागतं. पावसाळ्यापुरती माझी रेघ ३ मिमी, कायदा काही म्हणो.

दोन नवे घेतले. इथे काकांशी दुसरा वाद. "इंजिन पुढे, ओढ पुढे, मग नवे पुढेच!" मी नवे मागे टाकले आणि मागचे ५.३ वाले पुढे आणले. ओल्या वळणावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, पाय उचलला की बहुतेक वेळा सावरते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं माझ्यासारख्याचं काम नाही. शिवाय चाकांची अदलाबदल मी इतके दिवस टाळली होती, ती आपोआप झाली.

नव्यांची नोंद: दोन्ही ७.९.

जाता जाता स्टेपनी काढली. कंपनीतून आलेलीच, कधी न लावलेली, नक्षी जवळपास कोरी. बगलेवरचा डीओटी कोड १११६, म्हणजे २०१६ च्या अकराव्या आठवड्यात बनलेली. बगलेला बोटाने दाबलं तर बारीक भेगा उघडल्या, रबर लाकडासारखं. काका ती ठेवायला सांगत होते. ती भंगारात दिली आणि तिच्या रिमवर काढलेला उजवा टायर, २.९ वाला, ३४२१ चा, चढवून घेतला.