सर्व्हर काळ्या पडद्यावर अडकला तर: सिंगल-युजर मोड

पावसाळा लागला की वागळे इस्टेट किंवा महाप्याच्या गाळ्यांत हे हमखास होतं: वीज जाते, यूपीएसची बॅटरी बसते आणि लिनक्सचा सर्व्हर परत उठत नाही. कृपा करून लगेच डिस्क फॉरमॅट करू नका. डेटा बहुधा जागेवरच असतो. सिस्टम सिंगल-युजर मोडमध्ये, म्हणजे मोजक्या सेवांसह फक्त दुरुस्तीपुरती उठवा; हल्ली त्यालाच रेस्क्यू म्हणतात.

ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, मेनू आणा. मशीन सुरू होताना जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून ठेवायचं. यूईएफआयवर (नव्या मशीनमध्ये बायोसच्या जागी असतं ते) एस्केप एकदाच, जास्त वेळा दाबलं तर थेट ग्रबच्या प्रॉम्प्टवर पडाल. नेहमीच्या नोंदीवर ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीच्या शेवटी सिस्टमडी.युनिट=रेस्क्यू.टार्गेट लिहा (अर्थात रोमन लिपीत), मग कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो.

रेस्क्यूमध्ये सगळी लोकल फाइलसिस्टिम माउंट व्हावी (जोडली जावी) लागते. त्यामुळे एफएसटॅबमध्येच (कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) घोळ असेल, म्हणजे काढून नेलेल्या बॅकअप डिस्कची नोंद तशीच असेल, तर सिस्टम ९० सेकंद वाट बघून हात टेकते. तिथे इमर्जन्सी.टार्गेट वापरा. त्यात फक्त रूट (मुख्य फाइलसिस्टिम) माउंट होतं, तेही बहुतेक वेळा रीड-ओन्ली. ‘फाइल सेव्ह होत नाही’ ही तक्रार इथलीच. माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू / चालवा (आरडब्ल्यू म्हणजे वाचणं-लिहिणं दोन्ही), मग नोंद दुरुस्त करा. काढघाल होणाऱ्या डिस्कला नोफेल (ती नसली तरी बूट पुढे जाऊ द्या, असा पर्याय) लावून ठेवलं असतं तर ही वेळच आली नसती.

फाइलसिस्टिम बिघडली असेल तर मात्र क्रम उलटा: रूट रीड-ओन्ली असतानाच एफएससीके (फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी आज्ञा) चालवायचं. आरडब्ल्यू माउंट असताना चालवलं तर धडका डेटाही जातो. रूटवर दुरुस्ती झाली की तडक रीबूट करा. एक्सएफएस या प्रकारच्या फाइलसिस्टिमवर एफएससीके काहीच करत नाही. यूएसबीवरून बूट करून एक्सएफएस_रिपेअर चालवा.

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) बसवताना रूट या प्रशासक खात्याचा पासवर्ड रिकामा सोडला असेल, तर दोन्ही मोड ‘रूट खातं लॉक आहे’ म्हणून दारातच अडवतात. मग ग्रबच्या त्याच ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश लिहा, थेट शेल (आज्ञा लिहायचा प्रॉम्प्ट) मिळतो. या शेलमधून एक्झिट केलं की कर्नल पॅनिक (सिस्टम कोसळणं) ठरलेला, कारण तोच पहिला प्रोसेस असतो. काम संपलं की सिंक (लिहायचं राहिलेलं डिस्कवर उतरवायला), मग रीबूट -एफ.

ही वाट पासवर्ड विचारत नाही, हे गाळा भागीदारीत असणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावं. ग्रबला पासवर्ड लावा आणि डिस्क लक्सने एन्क्रिप्ट करा; नुसता ग्रबचा पासवर्ड यूएसबीवरून बूट करणाऱ्याला थांबवत नाही.