कूलरमागचा अंधार

वैशाख लागला की आमच्या सोसायटीच्या ऑफिसातली एकुलती एक खिडकी कूलर अडवतो. हवा आत येते, उजेड बाहेरच राहतो. नेमकी तेव्हाच पीककर्जाची गर्दी. ट्यूब पाठीमागे, त्यामुळे रजिस्टरवर माझ्याच डोक्याची सावली. सातबाऱ्याच्या झेरॉक्सवर गट नंबरातला ३ की ८, हे दाराशी जाऊन पाहावं लागायचं. दुपारनंतर कपाळ ठणकायचं ते वेगळंच.

लिहिण्यावाचण्याच्या कामाला टेबलावर साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं माप) उजेड हवा. मोबाइलच्या ॲपवर (ते काही फार अचूक नसतं) आमच्याकडे १००ही भरेना.

उजेड वाढला की काम वाढतंच, असंही नाही म्हणा. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून हेच तपासलं, तर उजेड कमी करूनही काही वेळा उत्पादन वाढलेलं दिसलं. आपल्याकडे लक्ष दिलं जातंय म्हणून माणसं जोमाने राबली, असा अर्थ पुढे लावला गेला. आमच्याकडे लक्ष द्यायला कोण येतं?

शेवटी वायरमनकडून डाव्या हाताला, जरा पुढे एलईडी पट्टी लावून घेतली. शिपाईकाका म्हणाले, "आता तं भाऊ, मले तुमचं अक्षरही वाचता येते!"

भिंतींना पांढरा रंगही मागितलाय. तो गडद हिरवा ऑइलपेंट सगळा उजेड गिळतो. अध्यक्ष म्हणतात, वसुली झाल्यावर पाहू.